मैदानावरील मूल आणि त्याच्या मागची माणसे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पनवेल येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी पत्र पाठवून ‘क्रीडा आणि आपली मुले’ या विषयावर अर्धा तास बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत बेरीज-वजाबाकी, भूगोल व शुद्धलेखन शिकविण्यात घालविली. खेळाच्या तासाला माझ्या गळ्यात शिट्टी असे, एवढाच माझा क्रीडाक्षेत्राशी संबंध. तेव्हा या विषयातील अधिकारी पुरुष म्हणून मी उभा नाही. परंतु गेल्या वर्षी याच सभागृहात एक लहानसा प्रसंग पाहिला, आणि तो मनातून जाईना, म्हणून मी होकार कळविला.

गुणगौरवाचा कार्यक्रम चालू होता. शेकडा ऐंशीच्या वर गुण मिळविलेली मुले एकामागून एक व्यासपीठावर येत होती, टाळ्या पडत होत्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारी सहावी-सातवीतला एक मुलगा बसला होता. त्याच्या गळ्यात तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेचे पदक होते. घरातून निघताना त्याने ते हौसेने घातले असावे. शेवटचे नाव पुकारून झाले, आभारप्रदर्शन झाले, आणि त्या मुलाने ते पदक हळूच सदऱ्याच्या आत घातले. मी नंतर चिटणीसांना विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, अर्जात तसा रकानाच नाही.” त्यांचे म्हणणे खरे आहे. मंडळाच्या छापील अर्जात नाव, इयत्ता, शाळा, एकूण गुण आणि टक्केवारी एवढेच रकाने आहेत. चिटणीसांचा यात दोष नाही. तो अर्ज तयार करणाऱ्या समितीत मी स्वतः होतो.

खेळात पुढे येणारे मूल पाहिले की आपण म्हणतो, उपजतच आहे. उपजत गुण असतो हे मला मान्य आहे. परंतु तो गुण कोणत्या घरात जन्मला, कोणत्या शाळेत गेला आणि ऐन वेळी त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, यावर त्याचे पुढे काय होणार हे पुष्कळ अंशी ठरते. हे नुसते तात्पर्य सांगून भागणार नाही, म्हणून काही माणसांच्या कथा सांगतो.

पहिले नाव अर्थातच खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. तो दिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांतले हे धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना तालमीच्या मातीत उतरविले. म्हणजे घरचा आधार होता, फक्त तो पैशाचा नव्हता. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तेथे वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी नाव देण्यास गेले असता त्यांची लहानखुरी अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेण्यास नकार दिला, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना चीत केले. बंधूंनो, मी शिक्षक असल्यामुळे त्या क्रीडाशिक्षकाचीच मला अधिक आठवण होते. एका नजरेत मुलाची किंमत ठरविणे ही आम्हा शिक्षकांची जुनी खोड आहे. नशीब एवढेच, की त्या कॉलेजात त्या नजरेवर अपील करण्याची सोय होती.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. सारा जन्म मातीत लढलेला हा मल्ल तेथे प्रथमच गादीवर लढला आणि आपल्या वजनगटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावकऱ्यांनी आणि कराडच्या दुकानदारांनी वर्गणी काढली. ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांस गहाण टाकले. १९५२ सालचे सात हजार! त्या काळी आमच्या धंद्यातील माणसाने इतकी रक्कम एकत्र पाहिलेली नसे. ज्या विद्यार्थ्याशी रक्ताचे नाते नाही, ज्याच्या विजयाची यत्किंचित खात्री नाही, त्याच्यासाठी एका शिक्षकाने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केले, तर कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडविले. मिरवणुकीची गोष्ट सर्वांस ठाऊक असते, ही फारशी कोणी सांगत नाही.

पुढची कथा तितकीशी सुखाची नाही. १९५५ साली ते पोलिसात फौजदार म्हणून लागले, तेथेच सेवा केली, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. असो.

भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. या दोन घरांची तुलना करून पाहा. पेस यांचे वडील मूळचे गोव्याचे, व्यवसायाने डॉक्टर, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघातील खेळाडू. आई भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार. ऑलिंपिकचे पदक कसे दिसते हे त्या मुलाने घरातच पाहिले होते. मी त्यांचे कष्ट कमी लेखीत नाही. कष्टावाचून पदक मिळत नाही. पण एकाच्या घरी पदक आधीच होते आणि दुसऱ्यासाठी मास्तरांना घर गहाण टाकावे लागले, हा फरक दृष्टीआड कसा करावा?

आणि हे आपल्याच देशात घडते असे समजू नका. इंग्लंडमध्ये खाजगी, भारी शुल्काच्या शाळांत शिकणारी मुले शंभरात सात असतात. परंतु २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पदक मिळविलेल्या ब्रिटिश खेळाडूंपैकी सुमारे एक तृतीयांश त्या शाळांतले होते. त्या शाळांची मैदाने, तरणतलाव आणि वल्ह्याच्या नौका पाहिल्या म्हणजे यात नवल वाटत नाही. बुद्धी आणि बळ देवाने सगळीकडे सारखे पेरले, पण पाणी मात्र ठरावीक खाचरांनाच मिळते.

आता आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील घरांना जवळचे वाटेल असे उदाहरण देतो. पॅरिस येथे १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्यास आलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गाव कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी, तालुका राधानगरी. वडील शिक्षक. वर्तमानपत्रात हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून पुसला, हे कबूल करतो. नेमबाजी हा खर्चाचा खेळ. बंदूक महाग, आणि रोजच्या सरावाच्या गोळ्यांचा खर्च तिच्याहून जाचक, कारण तो कधी संपत नाही. शिक्षकाच्या पगारात हे कसे बसते ते मला कोणी सांगायला नको. त्यांच्या वडिलांनी कर्ज काढले. परंतु मुलाची वाट प्रथम मोकळी झाली ती २००९ साली त्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातल्यामुळे. तेथे राहणे, जेवण, शाळा आणि सराव एकाच जागी मिळतो. पुढे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. म्हणजे वडिलांनी हात दिला, शाळेने हात दिला, आणि मग पोटाची चिंता मिटली. या तिन्हींपैकी एक जरी निखळले असते तरी आज त्यांचे नाव आपल्या कानी आले असते की नाही, याची मला शंका आहे.

या प्रबोधिनीविषयी आपल्या घरांतून फारच थोडे ठाऊक आहे. लहान वयाच्या मुलामुलींची उंची, वजन, जागेवरून उंच उडी, तीस मीटर धाव, चेंडूफेक अशा साध्या चाचण्या घेऊन तेथे निवड होते. त्यास शिकवणी लागत नाही. आपल्यापैकी कोणी आपल्या मुलास त्या चाचणीस नेले आहे काय? हात वर करू नका, उत्तर मला ठाऊक आहे. आपण शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म मात्र पहिल्या दिवशी भरतो.

सचिन तेंडुलकरांचे उदाहरण इतके उगाळले गेले आहे की पुन्हा देण्याचा संकोच वाटतो. पण त्यातील एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. वडील मराठीचे प्राध्यापक, आई विमा कंपनीत नोकरीस. १९८४ साली थोरले बंधू अजित यांनी अकरा वर्षांच्या सचिनला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे नेले. सरांनी सांगितले, शाळा बदला. वांद्र्याची शाळा सोडून मुलाला दादरच्या शारदाश्रमात घातले, कारण त्या शाळेत क्रिकेट होते. आणि रोजची दगदग वाचावी म्हणून मूल शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहू लागले. बंधूंनो, मूल नातेवाइकांकडे ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. या सभागृहातील निम्मी वडीलधारी मंडळी मामाकडे किंवा आत्याकडे राहून शिकलेली आहेत. त्या आत्यांनी दोन घास अधिक रांधले म्हणून आज आपल्यात वकील आहेत, इंजिनिअर आहेत. पण ‘भाचा खेळण्यासाठी राहायला येतो आहे’ असे पत्र आले असते तर आत्याबाईंनी काय उत्तर पाठविले असते, याचा विचार करा.

येथे एक खुलासा करून ठेवतो. पालकांचा आधार म्हणजे पालकांची हाव नव्हे. अलीकडे खारघर-नवीन पनवेलकडे रविवारी सकाळी गेलो की क्रिकेटच्या शिकवणीला मुलांना घेऊन आलेले बाप जाळीबाहेर उभे राहून मुलावर ओरडताना दिसतात. भारी बॅट, भारी पॅड, आणि मूल मात्र रडकुंडीस आलेले. तसला आधार नसलेला बरा.

आता जे बोलणार आहे ते ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून कदाचित काहींस रुचणार नाही. सामाजिक परिस्थिती म्हणजे केवळ पैसा नव्हे. पालवणकर बाळू हे नाव तरुण मंडळींस ठाऊक नसेल. १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज. लहान वयात शाळा सुटली. पुण्यात साहेब लोकांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम, पगार महिना तीन-चार रुपये. तेथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता तो असा तयार झाला की १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाकडून त्याने शंभरावर बळी घेतले. त्या काळात त्याच्याइतका मोठा गोलंदाज आपल्याकडे नव्हता. तरीही त्याच्याच हिंदू संघातील मंडळी मैदानावर त्याच्या हातचा चेंडू घेत, आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. आपल्यापैकी कोणाच्या आज्या-पणज्यांनी कोणाला कसला चहा दिला याचा हिशेब मी आज मांडीत नाही. पण जातीच्या नावाने जमलेल्या मंडळींनी हे नाव एकदा तरी उच्चारावे असे मला वाटले, म्हणून उच्चारले.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी उभा राहिलो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. बाप भातगिरणीत हमाल. मुलगा आपल्या ज्ञातीचा नव्हता. शाळेला मैदान नव्हते. दिवाळीनंतर भात कापून झाले की शाळेमागच्या खाचरात चुन्याच्या रेघा मारून मुले हुतूतू खेळत. हा मुलगा चढाईला गेला की समोरचे सात जण एकत्र येऊनही त्याला पकडू शकत नसत. बाहेरगावच्या एका अनुभवी गृहस्थांनी त्याला पाहिले आणि जिल्ह्याच्या सराव-शिबिरासाठी पंधरा दिवस पाठवा, असा निरोप दिला. सहामाही परीक्षा तोंडावर होती. बाप माझ्याकडे आला, दाराबाहेरच उभा राहिला. “गुरुजी, धाडू का पोराला? तुम्ही सांगाल तसं.” मी म्हणालो, “आधी त्याचं गणित सुधारू दे. खेळून कोणाचं पोट भरत नाही.” बापाने माझा शब्द प्रमाण मानला. मुलगा शिबिराला गेला नाही, आणि खाचरातही दिसेनासा झाला. गणित सुधारले काय? नाही. नववीत दोनदा नापास होऊन त्याने शाळा सोडली. मैदान काढून घेतल्याने त्याच्या गुणांत भर पडली नाही. शाळेत येण्याचे एक कारण तेवढे कमी झाले.

तो जिल्ह्याच्या पुढे गेला असता असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि तसे सांगता येऊ नये याची व्यवस्था मीच केली, हेच तर माझे दुःख आहे.

दोन वर्षांपूर्वी एस.टी. स्थानकाबाहेर एक रिक्षा माझ्याजवळ थांबली. “गुरुजी, बसा.” तोच. केस पिकू लागलेले. भाडे घेईना. वाटेत म्हणाला, “पोरगी आठवीत आहे. आठशे मीटर पळते. अलिबागला जिल्ह्याच्या स्पर्धेला बोलावलंय, पण त्याच दिवशी शाळेत चाचणी परीक्षा आहे. काय करू?” त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. तो खरोखरच मला विचारीत होता. पस्तीस वर्षांनंतरही त्या माणसाला मास्तरांचा सल्ला हवा होता, आणि मला मात्र घशाशी काही तरी अडकल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या शाळेत गेलो. वर्गशिक्षिका तरुण, कर्तव्यदक्ष. त्या म्हणाल्या, “सर, आधी अभ्यास नको का?” माझेच वाक्य मला परत मिळाले. मी त्यांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि चाचणी चार दिवसांनी घेण्याचे मान्य केले. आम्ही तिघे एस.टी.ने अलिबागला गेलो. पोरगी साध्या कापडी बुटांत धावली. शेजारच्या दोघींच्या पायांत खिळ्यांचे बूट होते. ती चौथी आली. तिघींची निवड झाली, हिची झाली नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून झोपी गेली. नंतरच्या चाचणीत तिला पूर्वीइतकेच गुण मिळाले, कमी नाहीत आणि अधिकही नाहीत. ती अद्याप धावते आहे.

मुलींविषयी बोलावयाचे तर आपल्या घरांतून मुलीचा खेळ आठवीच्या सुमारास आपोआप थांबतो. कोणी बंदी घालीत नाही. फक्त संध्याकाळी तिला घरी कामे असतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी धावणे निवडले, कारण त्यास काही विकत घ्यावे लागत नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. पण त्यांनाही नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग भेटावे लागले. पाड्यावर राहून नुसत्या पायांच्या बळावर ते झाले नसते. आपल्या मुली पाण्यासाठी मैलभर चालत नाहीत, सुखात आहेत, आणि तरीही आठवीनंतर धावत नाहीत.

आपल्या पनवेलची स्थिती पाहता मैदानाचा प्रश्न कठीण झाला आहे. १९७० नंतर सिडकोसाठी जमिनी गेल्या, पुढे विमानतळासाठी गावेच्या गावे उठली. ज्या खाचरात तो मुलगा चढाई करी तेथे आज सात मजली इमारत आहे. ते परत येणार नाही. पण मंडळाच्या या सभागृहामागे जी मोकळी जागा आहे ती वर्षातून दोन लग्नसराया सोडल्या तर रिकामीच असते. सकाळी सहा ते आठ ती मुलांना उघडी करावी, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. किल्ली माझ्याकडे द्यावी. मला पहाटे जाग येतेच. आणि फाटकावर कोणाला आडनाव विचारू नये, एवढी माझी अट आहे.

दुसरे, शिष्यवृत्ती निधीतून दरसाल काही रक्कम बूट, एस.टी.चे भाडे आणि स्पर्धेच्या प्रवेशशुल्कासाठी बाजूस काढावी. माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये मी आजच खजिनदारांकडे दिले आहेत. पावती मिळाली आहे. खर्डेकरांच्या घरापुढे ही रक्कम काहीच नाही, पण एका मुलीचे खिळ्यांचे बूट त्यात नक्की येतात.

तिसरे काम सर्वांत सोपे आहे. गुणगौरवाच्या अर्जात ‘टक्केवारी’ या रकान्याच्या खाली ‘खेळ, स्पर्धेचे नाव व स्थान’ असा एक रकाना घालावा. गेल्या वर्षीचे कोरे अर्ज अद्याप शिल्लक आहेत, ते संपल्यावर बदल करू, असे चिटणीस म्हणाले. ते मोजून पाहिले, त्रेचाळीस निघाले. आज सभा संपल्यावर मी ते घरी नेणार आहे. प्रत्येकावर पट्टीने एक रेघ आखून हाताने रकाना घालीन. आणि त्या कबड्डीवाल्या मुलाचे वडील येथे असतील तर त्यांनी पहिला अर्ज मजकडून घेऊन जावा.